सतरा वर्षांनंतरची आठ गाणी : इंडस क्रीडचा 'इव्हॉल्व्ह'

(बेसा, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं.)

संध्याकाळच्या वेळी मनीषनगरचं फाटक ओलांडून बेशाला वेळेवर पोहोचणं काय असतं ते मला माहीत आहे. तेव्हा आलेल्यांचे आभार, आणि जे अजून येऊन राहिले त्यांच्यासाठी पहिली पाच मिनिटं जरा इकडचं तिकडचं बोलतो. (हशा)

विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की रॉक बँडवर मराठीत व्याख्यान? ऐकणार कोण? मी म्हटलं, गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन आला तेव्हाही कुणीतरी हेच विचारलं असेल. ते वाद्य काही पैठणला जन्मलं नव्हतं. आज त्याच्या सुराशिवाय नाट्यसंगीत डोळ्यांसमोर येत नाही. म्हणजे परकं काय आणि आपलं काय, हे वाद्यावरून ठरत नाही. कशावरून ठरतं, तिकडे येऊच.

तर इंडस क्रीड. मुंबईचा बँड. १९८४ साली सुरू झाला तेव्हा नाव होतं रॉक मशीन. त्या काळी आपल्याकडे रॉक बँड म्हणजे काय, तर दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारी पोरं. ज्याची नक्कल जास्त सही, तो बँड मोठा. कॉलेजच्या गॅदरिंगला, हॉटेलात, आणि १९८६ पासून मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक सुरू झालं तिथे. लोक ओरडायचे ते परदेशी गाण्यांची नावं घेऊन. अशा वेळी या मंडळींनी ठरवलं की आपली स्वतःची गाणी वाजवायची. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' नावाचा त्यांचा अल्बम आला, १९९० साली 'द सेकंड कमिंग'. इंग्रजीतली, पण स्वतः रचलेली गाणी. हे आज साधं वाटतं. तेव्हा ते धाडस होतं, कारण श्रोत्याला स्वतःचं काही ऐकवायचं म्हणजे आधी त्याच्या हातातली फर्माइशीची चिठ्ठी काढून घ्यावी लागते.

पुढे १९९३ साली नाव बदललं, इंडस क्रीड झालं. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशिया विभागातलं प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक मिळालं. केबल नुकतीच घराघरात शिरत होती, आपले लोक गच्चीवर चढून डिश फिरवत होते आणि त्या पडद्यावर परदेशी बँडच्या रांगेत मुंबईची पोरं. १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. नावातच सिंधू नदी आली, तसा संगीतातही भारतीय रंग जाणीवपूर्वक आला. आणि १९९७ च्या सुमारास बँड थांबला. गायक उदय बेनेगल अमेरिकेत गेले, तिथे गिटारवादक जयेश गांधींबरोबर त्यांनी 'आल्म्स फॉर शांती' हा वेगळा गट काढला. बाकीचे आपापल्या कामाला लागले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ बँडांची आहे. मला आज बोलायचंय ते याच्या पुढच्या भागावर. २०१० साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवा अल्बम काढला. १९९५ ते २०१२, सतरा वर्षं. आठ गाणी, सगळी नवी. जुनं एकही नाही.

हे 'जुनं एकही नाही' कृपया लक्षात ठेवा. माझ्या मते त्या अल्बमबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

सतरा वर्षांचं अंतर म्हणजे काय, याचा जरा विचार करू. आपल्याच शहरातलं उदाहरण घेतो. सुरेश भटांचा 'रूपगंधा' आला १९६१ मध्ये आणि 'रंग माझा वेगळा' १९७४ मध्ये. तेरा वर्षं. पण कवीला तेरा वर्षं गप्प राहता येतं. बाहेरून गप्प, आत चालूच. कागद, पेन आणि तो. बँडला तसं गप्प राहता येत नाही. बँड म्हणजे चार-पाच माणसांच्या अंगात मुरलेली एकमेकांची सवय. ड्रमवाला किती उशिरा हात खाली आणतो, ते बासवाल्याच्या बोटांना माहीत असतं, डोक्याला नसतं. रोज वाजवणं बंद झालं की ती सवय महिन्या-दोन महिन्यांत सैल होते. सतरा वर्षांत तर तिचा मागमूस राहत नाही. मग जे परत येतं तो तोच बँड असतो का?

आपल्या संगीतात एक शब्द आहे, 'साथ'. तबल्याची साथ, पेटीची साथ. मुख्य गायक एक, बाकीचे साथीला. साथीदार बदलला तर मैफल बदलते, पण गाणं त्या गायकाचंच राहतं. रॉक बँडमध्ये साथ ही गोष्टच नाही. तिथे ड्रमवाला बदलला की गायकाचा आवाजसुद्धा बदलतो, कारण तो कशावर उभा राहून गातोय ती जमीन बदलते. 'इव्हॉल्व्ह'मध्ये जुने तिघे आहेत : उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी, हे दोघे पुढच्या पिढीतले. म्हणजे घराचा वरचा मजला जुना आणि पाया नवा. बांधकामात हे असं उलटं करता येत नाही. (हशा) इथे केलंय.

आणि ते ऐकू येतं. नव्वदच्या आसपासच्या रॉक मशीनचा ठेका म्हणजे सरळ चाल, हात वर करून टाळ्या वाजवता येतील असा. 'इव्हॉल्व्ह'चा ठेका बघा, तो थांबतो, वळतो, मध्येच मोकळी जागा सोडतो. गाणी लांब आहेत, त्यांना कडव्यावरून ध्रुपदावर पळायची घाई नाही. पहिलंच गाणं 'फायरफ्लाइज', हळूहळू चढत जातं. पहिल्या मिनिटात काही 'घडत' नाही, आणि ज्याला तो एक मिनिट धीर नाही त्याने अल्बम बंद करावा, असंच जणू सांगून टाकलंय. जाणकार याला प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेलं काम म्हणतात. मी त्याला वयाने आलेला धीर म्हणेन.

उदय बेनेगलांचा आवाज. तरुणपणी ते वरच्या पट्टीत उडी घ्यायचे, तो त्या काळचा रिवाजच होता. वरचा सूर लागला की गाणं जिंकलं. 'इव्हॉल्व्ह'मध्ये ते बराच वेळ खालच्या, मधल्या पट्टीत राहतात. आता कुणी म्हणेल, वय झालं, वरचा सूर जात नसेल. जातो, काही ठिकाणी ते जाऊन दाखवतात. पण दाखवण्यासाठी म्हणून जात नाहीत. हा फरक ऐकायला शिकलं पाहिजे. जुन्या गायकांबद्दल आपण म्हणतो ना, की तान कमी केली आणि सूर जास्त लावला, ते इथेही घडलंय. झुबिनच्या कीबोर्डचंही तसंच. आधी कीबोर्ड म्हणजे गाण्यावरची वर्खाची पट्टी होती, इथे तो गाण्याच्या आत हवेसारखा भरलेला आहे. काढून टाकला तर काय गेलं ते पटकन सांगता येणार नाही, पण गुदमरल्यासारखं होईल.

आता जगाकडे वळू, कारण हा प्रश्न एकट्या मुंबईच्या बँडचा नाही. रॉक हे तरुणांचं संगीत म्हणून जन्माला आलं आणि ते वाजवणारे लोक म्हातारे होतील याची तरतूद कुणीच केली नव्हती. रोलिंग स्टोन्सनी २०२३ साली 'हॅकनी डायमंड्स' काढला. त्याआधीचा त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ चा. म्हणजे तिथेही अठरा वर्षं. त्यांचे ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले, पण या अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यांचं वाजवणं आहे. शेवटचं गाणं आहे मडी वॉटर्सचं, ज्याच्यावरून या बँडने नाव घेतलं होतं. म्हणजे साठ वर्षांनी माणूस आपल्या बारशाच्या पाळण्यापाशी परत आला. छान आहे, हलवून टाकतं. पण तो अल्बम ऐकताना मला सारखं वाटतं की हे लोक 'आम्ही अजून तेच आहोत' हे सिद्ध करून राहिले. ब्लॅक सॅबथने २०१३ मध्ये 'थर्टीन' काढला, ओझी ऑस्बॉर्न परत आल्यावरचा पहिला स्टुडिओ अल्बम. तिथेही उद्दिष्ट तेच, १९७० चा आवाज पुन्हा पकडणं. एसी/डीसीचा २०२० चा 'पॉवर अप' तर आधीच गेलेल्या माल्कम यंगच्या नावाने आणि त्याच्यासोबत रचलेल्या चालींवर उभा आहे. श्राद्ध आहे ते, पण जोरात वाजवलेलं.

या बड्या लोकांना 'तेच' राहणं परवडतं, कारण ते 'तेच' ऐकायला स्टेडियम भरतात. आपल्याकडच्या इंग्रजी रॉक बँडला ते स्टेडियम कधी मिळालंच नाही. त्याची आठवण काढणारे लोक आहेत, पण ते विखुरलेले. रंगभवन तर शांतता क्षेत्राच्या नियमांपायी रॉकसाठी बंद झालं. म्हणजे ज्या जागी हे वाढले ती जागाही राहिली नाही. मग अशा बँडपुढे दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लावायचा. यात गैर काही नाही. सुधीर फडक्यांनी गीतरामायण किती दशकं गायलं! लोकांना तेच हवं होतं आणि बाबूजींनी ते दर वेळी जीव ओतून दिलं. दुसरी वाट, गप्प बसायचं आणि मुलाखती द्यायच्या. (हशा)

इंडस क्रीडने तिसरंच केलं. ज्या काळात अल्बम विकत घेणंच लोक सोडून देऊन राहिले होते, त्या काळात त्यांनी नव्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. मिश्रणाचं काम टिम पामरकडे दिलं. हे नाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पर्ल जॅमचा 'टेन' आणि पॉर्क्युपाइन ट्रीचा 'इन अॅब्सेन्शिया' यांचं मिश्रण करणारा माणूस. मिश्रण म्हणजे काय, तर सगळी वाद्यं वेगवेगळी ध्वनिमुद्रित होतात, त्यांतलं कोणतं पुढे, कोणतं मागे, कोणाला किती जागा, हे ठरवणं. स्वयंपाक एकाने केला आणि पान दुसऱ्याने वाढलं, असं समजा. वाढणाऱ्याच्या हातात पुष्कळ असतं.

आणि इथे मी माझी तक्रार मांडतो. पान फार सुबक वाढलंय. प्रत्येक वाद्य जागच्या जागी, कुठे सांडलेलं नाही. जगात कुठेही लावा, कमीपणा वाटणार नाही असा आवाज आहे. पण जगात कुठेही लावा म्हणजेच तो कुठूनही आलेला असू शकतो. मुंबईचा गोंगाट, गर्दी, घाम यातलं काही त्या आवाजाच्या कडेला चिकटलेलं नाही. आवाजाचं सोडा, शब्दांतही नाही. अल्बमभर शहर नाही, रस्ता नाही, एका ठिकाणाचं नाव नाही. शब्द आहेत ते मनाच्या अवस्थांचे, आणि त्यांतले काही असे की हजार बँडांच्या वहीत सापडतील. नुसती गाण्यांची नावं वाचली तरी कळतं : विरघळणं, निरोप, पैसा, 'यात लाज नाही', 'गोळी लागणार नाही'. मोठे शब्द आहेत, पण त्यांना पत्ता नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग १९९५ च्या अल्बमसारखं भारतीय रंग घालायचे होते का? नाही. उलट मला ते टाळलं हे आवडलं. त्या काळात तबला किंवा रागाची ओळ घातली की ते 'आपलं' होतं अशी एक समजूत होती, आणि परदेशी श्रोत्याला ते दाखवायचंही असायचं. दिल्लीच्या इंडियन ओशनसारख्यांनी ते वेगळ्या पद्धतीने केलं, त्यांच्या संगीतात ते मुळातच होतं, वरून लावलेलं नव्हतं. इंडस क्रीडचं मूळ वेगळं. ही मंडळी मुंबईत इंग्रजी रॉक ऐकत वाढली, त्यांच्या कानाची मातृभाषा ती आहे. सतरा वर्षांनी त्यांनी ओळखपत्र दाखवणं सोडून दिलं, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. माझी मागणी वाद्याची नाहीच, निरीक्षणाची आहे. नॅशव्हिलमध्ये बसलेल्या माणसाला जे दिसणार नाही ते मुंबईतल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला रोज दिसतं. ज्या शहराने आपल्याला एकदा डोक्यावर घेतलं आणि नंतर सहज विसरून गेलं, त्या शहरात राहून, त्याच रस्त्याने जाणं कसं असतं? हे गाणं त्यांच्याशिवाय कुणी लिहू शकलं नसतं. आणि ते या आठांत नाही. किंवा आहे, पण इतकं सर्वसाधारण करून टाकलंय की ओळखू येत नाही.

म्हणून 'इव्हॉल्व्ह' हे नाव मला अर्धंच खरं वाटतं. उत्क्रांती झाली ती रचनेत, वादनात, धीरात. ती खरीच झाली, नाकारण्यात अर्थ नाही. विषयात मात्र ते १९९० च्या वहीतून फार पुढे आले नाहीत. हात मोठे झाले, नजर तेवढी नाही.

तरी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकतो. का? शेवटचं गाणं 'गुडबाय', त्यासाठी. सतरा वर्षांनी परत आलेला बँड अल्बमच्या शेवटी निरोप घेतो, ही एरवी नाटकी गोष्ट झाली असती. पण ते गाणं निरोपाचा तमाशा करत नाही. लांब आहे, संथ आहे, आणि त्यात महेश टिनईकरांची गिटार बोलते ती अशी, की हा माणूस श्रोत्यांसाठी वाजवत नसून खोलीतल्या बाकीच्या चौघांसाठी वाजवतोय. ती सैल झालेली सवय मघाशी म्हटली ना, ती इथे पुन्हा घट्ट झालेली आहे. दोन नव्या माणसांना धरून घट्ट झालेली आहे. त्या गाण्यापुरता 'तोच बँड आहे का' हा प्रश्न मला पडतच नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक विद्यार्थी) : सर, इतकं सगळं करून तो अल्बम चालला का? आमच्या वर्गात कुणालाच नाव माहीत नाही.

उत्तर : 'चालला'चा अर्थ तुम्ही कसा घेता त्यावर आहे. समीक्षकांनी दखल घेतली, बँडने कार्यक्रम केले. २०१० पासून पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडरसारखा महोत्सव सुरू झाला होता, मुंबईत ब्लू फ्रॉग होतं, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांसाठी तेव्हा जरा बरे दिवस होते. आणि गंमत बघा, त्या मंचांवरचा तरुण श्रोता परदेशी गाण्यांची फर्माइश ओरडत नव्हता, बँडची स्वतःची गाणी ऐकायला येत होता. ही सवय लावणाऱ्यांत रॉक मशीन होतंच. आपणच खणलेल्या विहिरीवर आपण अनोळखी पाहुण्यासारखे यावं, तसं झालं त्यांचं. तुमच्या वर्गाला नाव माहीत नाही हे खरं आहे, पण तुमच्या वर्गातला जो मुलगा स्वतःचं गाणं रचून मोबाइलवर टाकतो, त्याला कुणी वेड्यात काढत नाही ना? १९८४ साली काढलं असतं.

प्रश्न (एक काकू) : मला इंग्रजी शब्द फारसे कळत नाहीत. मी हे ऐकावं का? आणि माझ्या नातवाच्या खोलीतून जे येतं ते हेच का?

उत्तर : (हशा) काकू, नातवाच्या खोलीतून काय येतं ते त्याला विचारा, दार वाजवून. पण ऐकायचं असेल तर शब्दांच्या मागे लागू नका. शब्द हीच त्यातली कमजोर बाजू आहे असं मी आत्ताच म्हणालो, म्हणजे तुमचं काही विशेष बुडत नाही. तुम्ही पेटी शिकलात असं मघाशी चहाच्या वेळी सांगितलंत. मग कीबोर्डकडे कान ठेवा. तो कुठे नुसता सूर धरून बसतो आणि कुठे बोलायला लागतो, एवढंच मोजा.

प्रश्न : बँडने थांबायला कधी हवं?

उत्तर : तुम्ही विचारताय तसा नियम मला करता येणार नाही. पार्श्वभूमी एवढीच सांगतो, की दिल्लीचा परिक्रमा बँड १९९१ पासून वाजवतोय आणि त्यांनी रीतसर स्टुडिओ अल्बमच्या फंदात न पडता मंचावरच आयुष्य काढलं. इंडियन ओशनचे अशीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, तरी बाकीच्यांनी २०१४ मध्ये 'तंदानू' आणि २०२३ मध्ये 'तू है' काढला. प्रत्येकाचं गणित वेगळं. मी फक्त एक बघतो : नवं गाणं वाजवताना त्यांच्यात कुणी घड्याळाकडे बघतंय का, की जुनं गाणं कधी येतं. 'इव्हॉल्व्ह'मध्ये मला तसं कुणी दिसलं नाही.

प्रश्न : सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी 'प्रिटी चाइल्ड' ऐका, मग लगेच 'फायरफ्लाइज'. मधला १९९५ चा अल्बम नंतर. हेडफोन असेल तर उत्तम, नसेल तर रात्री दहानंतर, बेशाच्या रस्त्यावरचे ट्रक जरा कमी झाले की. चला, हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय, खुर्च्या लावायला दोघंतिघं थांबा.